चौतिसाव्या मिनिटाला

एकोणीस वर्षं झाली या खुर्चीत,
पाठ टेकते तिथलं कापड विरलंय.
भिंतीवर प्रमाणपत्रं, खिडकीत ग्दिनियाचं बंदर.
मला वाटायचं,
ऐकणं आता माझ्या हातचा मळ.

वितोल्द क्रेन चालवतो.
चाळीस मीटर उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून
कंटेनर असे टेकवतो,
झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसे.
खाली उतरला की हात थरथरतात.
मी त्याला श्वास मोजायला शिकवलं,
तक्ता दिला, रकाने आखून.
निघताना तो फॉर्म भरायचा:
'आज माझं ऐकलं गेलं का?'
दहा सेंटिमीटरच्या रेघेवर
त्याची खूण कायम नवाच्या पुढे.
ते नऊ मी जपून ठेवायचे
फाइलमध्ये,
आणि थोडे फाइलच्या बाहेरही.

मग तो यायचा थांबला.
एक मंगळवार. दुसरा मंगळवार.
पाण्याचा ग्लास मी दोन्ही वेळा भरून ठेवला होता.

गुरुवारी ट्रॉलीबसनं योलांताकडे गेले,
त्याच्या संमतीनं केलेलं रेकॉर्डिंग पर्समध्ये.
योलांता त्र्याहत्तर वर्षांची, दोन्ही कानांत यंत्रं,
आणि तिच्याइतकं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही.
चहात लिंबू पिळत म्हणाली, "लाव."

आपलाच आवाज केवढा परका!
किती गोड होता माझा, किती घाईचा.
तो वाक्य सुरू करायचा
आणि मी आधीच त्याच्या टोकाला जाऊन उभी.
चौतिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "मागे घे."
घेतलं.
"पुन्हा."
तिसऱ्या खेपेला ऐकू आलं,
माझ्या 'तर पुढच्या आठवड्यासाठी आपण'च्या खाली
चेपलेलं:
"कुत्रीसुद्धा आता जवळ येत नाही."

मी सबबी काढल्या.
वेळ संपत आली होती, बाहेर भोंगा वाजत होता,
आणि ते नऊ? प्रत्येक वेळी नऊ?
योलांता हसली नाही.
"नऊ म्हणजे सभ्यता.
घरी जेवून निघालेला पाहुणा
मीठ कमी होतं म्हणतो का?"

मग तिनं मला शाळकरी पोरीसारखं समोर बसवलं.
नवा सिद्धांत नाही, जाडजूड ग्रंथ नाही,
नुसता हुंकार.
"गोष्ट सांगणाऱ्याला देतात, तसा दे.
छे, हा दार लावणारा 'हं'.
हा पावती फाडणारा.
आणि हा तर ट्रॉलीबसची वाट बघणारा.
पुन्हा."
चाळीस मिनिटं मी एकच अक्षर गिरवत होते,
एकोणीस वर्षांच्या अनुभवाची बाई.
घशाशी रडू आलं, तेही तिला ऐकू गेलं,
आणि त्यावर ती काहीच बोलली नाही.
असं न बोलणं मला अजून जमत नाही.

वितोल्दला मी फोन केला.
"कुत्रीबद्दल तुम्ही काहीतरी म्हणाला होतात.
मी तेव्हा ऐकलं नाही."
पलीकडे वारा. साखळ्यांचा आवाज.
मोजायचं नाही ठरवूनही मोजलं: सोळा सेकंद.
"फासोल्का," तो म्हणाला. "तिचं नाव."

मंगळवारी आला.
तो कमी बोलला, मी त्याहून कमी.
थरथर गेलेली नाही. जाईल की नाही, ठाऊक नाही.
निघताना पेन्सिल घेऊन फॉर्मवर बराच वेळ अडून राहिला,
पेटी टेकवण्याआधी हवेत थांबतात तसा,
मग खूण केली:
सहा.
आणि माझ्याकडे पाहिलं, रागावते का म्हणून.
मी म्हणाले, "हं."

त्या गुरुवारी रेकॉर्डिंग लावलं.
अकराव्याच मिनिटाला
योलांतानं बोट वर केलं.
"मागे घे."